तारखेला हात लावू नकोस

चि. सौ. कां. लिहिलं की तू चिडतेस, म्हणून नुसतेच अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट मिळाली. दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. नोकरी कायमची सोडायची तारीख आधी ३१ मार्च २०२७ होती. ती ३१ मार्च २०२९ झाली तेव्हा मी काही बोलले नाही, कारण त्यात माझाही हात होता. आता शेवटच्या पानावर ‘२०३१?’ असं लिहिलंयस, प्रश्नचिन्हासकट. वर फोनवर उरलेले दिवस मोजणारं ते घड्याळ लावलंयस, आणि त्यातले दिवस गेल्या महिन्यात एकदम वाढले म्हणून हसत सांगतेस. मला नाही हसू आलं.

तुला मोठी गाडी नको, मुळशीला फार्महाऊस नको, हे मला माहीत आहे. ऑफिसात पाट्या टाकणाऱ्यांतली तू नाहीस, हेही माहीत आहे. स्वतःचे दिवस स्वतःच्या हातात हवेत एवढंच तुझं कारण, आणि ते पुरेसं आहे. ते बरोबर की चूक यावर शाई घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी चार वेळा सांगणार आहे: तारीख ठरली की तिला हात लावायचा नाही. पैसे कमी भरले तर खर्च कापायचा. बाजार पडला तरी खर्चच कापायचा. तारीख नाही.

तुझ्या आकड्याकडे येते. खर्च महिन्याला ८० हजार, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार, आजच्या भावाने. सोडताना हातात हवी ती पुंजी आधी तू याच्या २५ पट धरलीस, २ कोटी ४० लाख. ही २५ पट कुठून आली ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने १९९४ साली हिशोब मांडला, की पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढा, पुढे दरवर्षी महागाईइतकी त्यात भर घाला, पैसे ३० वर्षं तरी पुरतील. शेअर्स तिकडचे, रोखे तिकडचे, महागाई तिकडची. शिवाय तू चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडणार, तुला ३० नव्हे, ४५-५० वर्षं काढायची आहेत. म्हणून मीच म्हटलं होतं, ४ ऐवजी ३ टक्के धर. ३३ पट झाली, ३ कोटी १७ लाख, आणि तारीख २०२९ वर गेली. त्याला कारण होतं. आता ४० पट, ३ कोटी ८४ लाख. याला कारण काय? शीटमध्ये त्या रकान्यापुढे ‘सेफ्टी’ एवढंच आहे. पुढच्या वर्षी ५० पट करशील तेव्हाही हाच शब्द पुरेल.

मखर पुरं झालं नाही म्हणून गणपती कुणी पुढच्या आठवड्यात बसवत नाही. चतुर्थीला मूर्ती बसते, मागे थर्माकोल अर्धा चिकटवलेला असला तरी बसते. तुझ्या घरात दरवर्षी हेच होतं, मी पाहिलंय.

आता माझं. तू विचारलं नाहीस तरी सांगणार आहे.

२००० साल संपता संपता सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. १५ वर्षं नोकरी झालेली असली किंवा वयाची ४० पूर्ण असली की अर्ज करता येत होता. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी ते सानुग्रह म्हणून मिळणार. अर्जाची मुदत थोड्या दिवसांची. त्या दिवसांत आमच्या शाखेत व्हाउचरपेक्षा हेच हिशोब जास्त व्हायचे, जो तो कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला. देशभरातल्या सरकारी बँकांतून एक लाखाच्या वर माणसं बाहेर पडली.

पण मला जास्त आठवतात ती अर्ज देऊन परत मागणारी. योजनेत स्वच्छ लिहिलं होतं की दिलेला अर्ज मागे घेता येणार नाही. तरी लोकांनी मागितला, बँकांनी नाकारला, आणि प्रकरण हायकोर्टांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २००२ मध्ये निकाल आला: बँकेने मंजूर करण्याआधी अर्ज मागे घेता येतो, पण योजनेचे पैसे ज्यांनी उचलले त्यांना आता फिरता येणार नाही. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं ही माणसं धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत. तेव्हा पेपरात वाचून मला त्यांचा राग आला होता. आता थोडी कीव येते. थोडीच.

मी तेव्हा ४३ वर्षांची होते. बाहेर पडल्यावर काय झालं ते गोड करून सांगत नाही. माझा सगळा हिशोब १० टक्के व्याजावर मांडलेला. पीपीएफवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळायचे, ते मार्च २००३ मध्ये ८ वर आले. बँकेच्या ठेवी त्याहून खाली, सहाच्या घरात. जुलै २००१ मध्ये यूटीआय या म्युच्युअल फंडाने आपल्या युनिट ६४ योजनेची फेरखरेदी, म्हणजे लोकांचे युनिट परत घेऊन पैसे देणं, थांबवली आणि निवृत्तीचे पैसे बिनघोर म्हणून तिथे ठेवलेली कितीतरी माणसं हबकली. आमच्या घरात व्याजाचं उत्पन्न आटलं, भार काकांच्या शाळेच्या पगारावर पडला. मी खर्च कापला. गाडी घ्यायची नाही असं ठरलं, घराला रंग लागायचा राहिला. लेकीच्या इंजिनिअरिंगला शैक्षणिक कर्ज काढलं आणि ते पुढे तिने तिच्या पगारातून फेडलं. दिवाळीत सगळे जमले की ती अजून ते काढते. हसत काढते, पण काढते. मी म्हणते, त्यामुळे तुला पैशाची किंमत कळली. हे उत्तर माझं मलाच धड पटत नाही. फीचे पैसे साठेपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं का? कदाचित तिच्यासाठी झालं असतं. पण फीनंतर तिचं लग्न होतं, लग्नानंतर फ्लॅट होता, फ्लॅटनंतर काकांचा गुडघा. कारणं साठीपर्यंत पुरली असती, आणि त्यातलं एकही खोटं नसतं.

आमच्या शाखेत एकाने अर्ज भरला, सही केली आणि शेवटच्या दिवशी खिशातच ठेवला. पुढे तो बराच वर चढला, साठीला रीतसर निवृत्त झाला, कोथरूडला फ्लॅट आहे, तब्येत ठणठणीत. अशा पत्रात खरं तर त्याला हार्ट अटॅक यायला हवा होता, पण आला नाही, काय करू. त्याचं पेन्शन माझ्याहून खूप जास्त आहे. सरकारी बँकांत जुन्या निवृत्तांचं मूळ पेन्शन नव्या वेतनकरारांबरोबर वाढत नाही, आणि आम्हा २००२ च्या आधीच्यांना तर पूर्ण दराने महागाई भत्ता मिळायला २०२३ उजाडलं. तेव्हा पैशात मोजलंस तर मी हरले, सरळ आहे. मला १७ वर्षं मिळाली. त्याला विचारलंस तर तो म्हणेल, माझं काही गेलं नाही, आणि तेही खरंच. ती वर्षं त्याला नको होती. तुला हवी आहेत, म्हणून हे पत्र त्याच्या मुलाला न लिहिता तुला लिहितेय.

तारीख सरकते कशी ते तुझ्याच शीटमध्ये आहे. मार्चला सोडायचं, पण व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा वर्षाअखेरचा बदलता भाग, मे महिन्यात हातात पडतो आणि त्या दिवशी पटावर असावं लागतं. मग मे. ऑगस्टला कंपनीने कबूल केलेल्या शेअर्सचा हप्ता व्हेस्ट होतो, म्हणजे खरोखर तुझ्या नावावर होतो. मग ऑगस्ट. मध्येच नवीन शेअर्स देतात, त्यांची चार वर्षं त्या दिवसापासून मोजायची. ही साखळी तुला धरून ठेवण्यासाठीच ओवलेली आहे. कंपनीला मी दोष देत नाही, तिचा तो धंदाच आहे. पण तारखेनंतर येणारा हप्ता तुझा नाही, एवढं एकदा मनाशी ठरव आणि त्या ओळी शीटमधून काढून टाक. राखाडी करून ठेवू नकोस, डिलीट कर. मॅनेजर म्हणाला, ‘गो-लाइव्ह होईपर्यंत तरी थांब’, म्हणजे प्रोजेक्ट प्रत्यक्ष चालू होईपर्यंत. भीड भिकेची बहीण, हे तुझी आजी तुला सांगायची. एका गो-लाइव्हनंतर दुसरं असतं, हे तू मला सांगितलंयस, मी तुला नाही.

आणि बाजाराची भीती असेल तर तिचा उपाय तारखेत नाही. पहिल्या तीन वर्षांचा खर्च, म्हणजे तुझे २९ लाख, शेवटच्या दोन वर्षांत थोडेथोडे शेअर्समधून काढून ठेवीत टाक. मग २०२९ ला बाजार कोसळला तरी पडलेल्या भावात विकायची वेळ येणार नाही. ४० पट करून झोप येईल असं तुला वाटतंय. नाही येणार.

राहिलं ते तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलंस. ‘मावशी, सोमवारी सकाळी उठून करायचं काय?’ अगं, खरं पत्र एवढंच होतं. शीट नुसती पुढे केलीस.

मला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. बाईने नोकरी सोडली म्हणजे घर सांभाळायला, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. निरोप समारंभात साहेबांनी भाषणातही तेच सांगितलं आणि मी शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन ऐकत बसले. घर मी आधीही सांभाळतच होते. त्यासाठी कोण नोकरी सोडतं? पहिलं वर्षभर मी विशेष काही केलं नाही. दुपारी झोपायचे. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जायचे. वाचनालयातून पुस्तकं आणायचे, अर्धी वाचून परत द्यायचे. कुणी ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणायला सुरुवातीला जीभ अडखळायची, मग सवय झाली. बचत गटाच्या बायकांना हिशोब शिकवायला लागले ते फार नंतर, तेही शेजारणीने ओढून नेलं म्हणून. ते आधीच ठरवून बाहेर पडले असते तर त्याचीही मी शाखा उघडली असती, हजेरीपुस्तकासकट. तुझा स्वभाव माझ्यासारखाच आहे, म्हणून सांगते. सोमवारचं उत्तर मिळालं की मग सोडते, असं म्हणशील तर नोकरीत बसून ते कधीच मिळणार नाही. तारखेला हात लावू नकोस, उत्तर नसलं तरी.

आता कामाचं. तुला थायरॉईड आहे आणि विमा फक्त कंपनीचा आहे, हे वाचून मला खरा राग आला. ४० पट करत बसलीस आणि हे राहिलं! नोकरी गेली की तो विमा गेला. स्वतःची पॉलिसी याच महिन्यात घे आणि थायरॉईड लपवू नकोस. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावतात, म्हणजे आत्ता घेतलीस तर तुझ्या तारखेच्या सुमारास ती मुदत सरेल. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. तारीख खरोखर अडवू शकेल अशी ही एकच गोष्ट मला तुझ्या कागदांत दिसली, आणि ती शीटमध्ये नव्हतीच. पीएफ सोडल्या सोडल्या काढायची घाई नको. ५८ वर्षांपर्यंत व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तो तू धरलेला नाहीस. ग्रॅच्युइटी धरलीस ते बरं केलंस.

नोटीस ९० दिवसांची ना? ३१ मार्च २०२९ पासून मागे मोजलं की ३१ डिसेंबर २०२८ येतो. त्या दिवशी रविवार आहे, तेव्हा मेल शुक्रवारी २९ तारखेला गेला पाहिजे. चार ओळींचा लिही, कारणं देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर चर्चा होते. मसुदा हवा तर आत्ताच पाठव, मी बघते.

आईला कधी सांगायचं ते तुझं तू ठरव. माझ्याकडून कळणार नाही. तिने मला समोर बसवून विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही, तेव्हा तिच्या आधी तूच बोललीस तर मला सोपं जाईल.

तुझी,
मावशी