तीन गुंठ्यांचा इसार आणि मिरचीची चक्की

प्रश्न : उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या एका गावात मी 6 वर्षांपासून घरीच तिखट आणि मसाले करते. सुरुवात खलबत्त्यावर केली, आता 5 एचपीची चक्की आहे. बचत गटातल्या तिघी कामाला येतात. शेजारच्या काकांना दमा आहे. ठसक्याची तक्रार झाली आणि 7 दिवसांत खुलासा द्या म्हणून ग्रामपंचायतीची नोटीस आली. काम घराबाहेर न्यावंच लागेल. आमच्याकडे वावर नाही, मिस्टर ट्रॅक्टर चालवतात. गटाचं कर्ज धरून 3 लाख जमतात. रस्त्याला लागून 3 गुंठे अडीच लाखांत मिळत आहेत, त्याचा 40 हजार इसार दिला : 25 हजार फोनपेने, 15 हजार रोख. आता दलाल म्हणतो, तुकड्याची रजिस्ट्री होत नाही, नोटरी करून घ्या, पुढे सरकार नियमित करून देते. सरपंच म्हणतात, शाळेमागच्या पडीत जागेवर टीन टाका, नमुना 8 ला चढवून देतो. गावातल्याच एका जुन्या घराचा कोठा 2,500 रुपये भाड्याने मिळतो, पण घरमालक 11 महिन्यांचंच कागद करू म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, राहिलेले 2 लाख 10 हजार देऊ नका. दलाल उद्या गाडी घेऊन दारात आला तरी देऊ नका. त्या जागेवर खांब रोवू नका, ताबाही घेऊ नका.

तुम्ही पाठवलेला इसार चिठ्ठीचा फोटो मी नीट पाहिला. 500 च्या स्टॅम्पवर मौजा आहे, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आहे, जमिनीचा खसरा क्रमांक आहे. चतुःसीमेत मात्र पूर्वेला रस्ता आणि बाकी तिन्ही बाजूंना ‘लिहून देणाऱ्याचे वावर’ एवढंच. म्हणजे तुमचे 3 गुंठे त्या खसऱ्यात नेमके कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. मोजणी नाही, नकाशा नाही. विकणाऱ्याने उद्या धुरा (बांध) 10 फूट इकडे सरकवला तर तुम्ही दाखवणार काय? आणि नोटरीचा शिक्का म्हणजे विक्री नव्हे. सही कुणी केली, एवढंच नोटरी पाहतो. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची मालकी नोंदवलेल्या विक्रीपत्रानेच जाते. ताबा घेऊन बसलात तरी बिननोंदणी करारावर तो ताबा राखण्याचं संरक्षण 2001 च्या दुरुस्तीपासून मिळत नाही.

रजिस्ट्री का होत नाही, हे दलालाने अर्धंच सांगितलं. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचा तुकडा पाडून विकायला मनाई आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार नागपूर जिल्ह्यात जिरायतीचं किमान क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे. 3 गुंठे त्याच्या जवळपासही जात नाहीत. असा व्यवहार कायद्याने निरर्थक ठरतो आणि त्यावर बसलेल्याला उठवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. दलाल सांगतो ती नियमित करण्याची सवलत खोटी नाही. 2025 मध्ये ती आली. पण ती 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेल्या व्यवहारांसाठी आहे, आणि तीही नगरपालिका हद्दीतल्या किंवा प्रादेशिक योजनेत बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींसारख्या ठिकाणी. तुमचा इसार त्या तारखेनंतरचा आहे. मागची तारीख टाकून चिठ्ठी करू, असं कुणी सुचवलं तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. ती सरळ फसवणूक होईल आणि तिच्यावर सही तुमची असेल.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण मोबाइलवर वाचून लोक माझ्याकडे 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 घेऊन येतात. विदर्भाला तो कायदा लागू नाही. आपल्याकडे विदर्भ विभागाचा 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे आणि ही मनाई त्याच्या कलम 89 मध्ये आहे. खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी शेतजमीन घेणाऱ्याला वाट ठेवणारं कलम 89-अ त्यातच आहे. ते तुमच्यासारख्यांच्या कामाचं आहे, पण त्याने तुकडेबंदी उठत नाही. म्हणून या 3 गुंठ्यांसाठी त्याचा उपयोग नाही. शेतकरी असल्याचा दाखला काढून देतो, असंही तुम्हाला कुणी म्हणेल. तुमच्याकडे वावर नाही हे तुम्ही मला सरळ लिहिलंत. तेच सगळीकडे सरळ सांगत राहा.

इसाराचे पैसे परत मिळू शकतात. करार निरर्थक असल्याचं लक्षात आलं की त्याखाली घेतलेला पैसा परत करावा लागतो, असं करार कायद्याचं कलम 65 सांगतं. पण कळल्यावरही तुम्ही गप्प राहिलात, वर आणखी पैसे दिलेत, तर ‘बाईंना सगळं माहीत होतं’ असं समोरचा म्हणेल. म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह पत्र टाका. भाषा साधी ठेवा : ‘अमुक तारखेला अमुक खसऱ्यातील 3 गुंठ्यांपोटी 40,000 रुपये दिले. सदर तुकड्याचे विक्रीपत्र कायद्याने होऊ शकत नाही, हे आता समजले. तरी पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम परत करावी.’ पत्र जमीनमालकाच्या नावाने पाठवा, एक प्रत दलालाला. फोनपेच्या 25 हजारांचा उतारा बँकेतून शिक्क्यानिशी घ्या. 15 हजार रोख दिले तेव्हा कोण हजर होतं, त्यांची नावं आजच लिहून ठेवा. वर्षभराने साक्षीदाराला वार आठवत नाही. मूळ चिठ्ठी कुणाच्याही हातात देऊ नका. परत करतो म्हणून ती मागून घेतात आणि फाडतात. माझ्या एका पक्षकाराबाबत हे झालं आहे आणि पुढचे 4 वर्षं त्याने तारखा खाल्ल्या. वकिलाची फी परवडणार नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता सरपंचांची पडीत जागा. त्यांची भावना चांगली असेल, पण नमुना 8 ही घरकराची नोंद आहे, मालकीची नाही. त्या जागेचा 7/12 काढा आणि तिथे काय लिहिलंय ते बघा. गायरान असेल तर 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. ‘झुडपी जंगल’ असेल तर त्याहून कठीण. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या 6 जिल्ह्यांत अशा नोंदीची जमीन गावोगावी आहे, आणि 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली. डोळ्यांना तिथे बाभळीचं झुडूपही दिसत नसेल. कागदावर ते जंगल आहे. तुमचं टीन, तुमची मशीन आणि तिघींची मजुरी मी त्या जमिनीवर जाऊ देणार नाही. जागा ग्रामपंचायतीच्याच मालकीची निघाली आणि पंचायत ती ठराव करून रीतसर भाड्याने द्यायला तयार असेल, तर वेगळं बोलू.

राहिला कोठा. मला तोच पसंत आहे. तुमच्या 3 लाखांत जमीन घेतली तर शेडला पैसा उरत नाही, आणि शेडविना जमीन घेऊन मिरची कुठे दळणार? तुम्हाला आज पक्की फरशी, उंच छत, थ्री फेज लाइन आणि दम्याच्या माणसापासून अंतर हवं आहे. मालकी 5 वर्षांनी बघता येईल. त्या कोठ्यापासून जवळचं घर किती फुटांवर आहे, हे मात्र स्वतः पावलांनी मोजून या, आणि शक्य झालं तर दुपारी वारा कोणीकडून येतो तेही बघा. नाहीतर हीच नोटीस नव्या पत्त्यावर येईल.

पण 11 महिन्यांचं कागद करू नका. ती नोंदणी टाळण्याची पळवाट आहे आणि तिचा फायदा घरमालकाला होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 प्रमाणे वस्तू तयार करण्यासाठी दिलेला भाडेपट्टा, वेगळं ठरलेलं नसेल तर, वर्षावर्षाचा धरतात आणि तो संपवायला 6 महिन्यांची नोटीस लागते. इतर भाडेपट्ट्यांना 15 दिवस पुरतात. मात्र हे 6 महिने पट्टा नोंदवलेला असेल तरच हाती लागतात. बिननोंदणी कागदावर तुम्ही महिन्याच्या भाडेकरू ठरता, आणि 15 दिवसांत चक्की उचलून कुठे नेणार? अन्ननोंदणीही (FSSAI) त्या-त्या जागेच्या पत्त्यावरच मिळते. तुमच्या पाऊचवर तो नंबर आणि पत्ता छापलेला असतो. दर 11 महिन्यांनी पत्ता हलला तर गिऱ्हाईकही हलतं. म्हणून 5 वर्षांचा भाडेपट्टा करा आणि उमरेडच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुद्रांकाचा खर्च निम्मा-निम्मा करू म्हणा. पूर्ण द्यावा लागला तरी द्या.

पट्ट्यावर सही कुणाची, इथे माझा जीव अडकतो. तुम्ही लिहिता की नमुना 8 वर अजून घरमालकांच्या दिवंगत वडिलांचं नाव आहे, एक भाऊ गावात, एक नागपूरला. बहीण आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. विचारा. असली तर लग्न होऊन 30 वर्षं झाली असली तरी वडिलांच्या घरात तिचा हिस्सा आहे. गावातला भाऊ एकटा सही करेल तर ती फक्त त्याच्या हिश्श्यापुरती. दिवाळीला नागपूरचा भाऊ येईल, कोठ्याला नवीन पत्रे पाहील आणि म्हणेल, मला कुणी विचारलं? हे वाद वाईटपणाने सुरू होत नाहीत, न विचारल्यामुळे होतात. सगळ्यांची सही घ्या. येणं जमत नसेल त्याने भावाच्या नावे नोंदवलेलं आममुखत्यारपत्र द्यावं. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर त्या घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली का ते बघा. त्यात कुणाकुणाची नावं आहेत, ते एका कागदावर कळेल.

पट्ट्यात काही गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात. जागा मिरची-मसाला दळण्यासाठी दिली आहे, हे लिहा. नुसतं ‘व्यवसायासाठी’ नको. चक्की, पंखे, वायरिंग, तुम्ही टाकलेले पत्रे तुमचे आणि जाताना काढून न्याल. छत दुरुस्तीला तुम्ही घातलेला पैसा भाड्यातून दर महिना किती वळता होणार, ते आकड्यात. भाडेवाढ किती आणि केव्हा. आणि घर विकलं तरी नवा मालक हा पट्टा पाळेल.

विजेचं काम जागेइतकंच महत्त्वाचं आहे. घरातल्या घरात धंदा करणाऱ्याला घरगुती दर चालतो, पण महिन्याला 300 युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटच्या आत असेल तरच. तुमची मागची 12 बिलं काढून बघा. वर गेलं असेल आणि तपासणी झाली, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने, एक वर्षापर्यंतची आकारणी होऊ शकते. कोठ्यात पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावाने औद्योगिक जोडणी मागा. मसाला चक्की त्या वर्गात बसते, आणि अर्ज मालकच नाही तर जागा वापरणाराही करू शकतो. भाडेपट्टा जोडा, मालकांचं ना-हरकत जोडा. नव्या जागेची अन्ननोंदणी हातात पडेपर्यंत पाऊच छापायला टाकू नका. उद्यम (लघुउद्योग) नोंदणीतला पत्ता मोफत बदलता येतो. त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, पण शेडचं भाडं 3 वर्षांपर्यंत प्रकल्प खर्चात धरता येतं. अर्ज घेणं चालू आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. तुमचा नोंदवलेला पट्टा तिथेही दाखवावा लागेल.

ग्रामपंचायतीच्या नोटिशीला 7 दिवसांच्या आत उत्तर द्याच, तोंडी नको. जागा बघितली आहे, 3 महिन्यांत काम हलवते, तोवर चक्की सकाळी 11 ते दुपारी 3 एवढीच चालवीन, तिच्या मुखाला कापडी पिशवी लावीन आणि दळताना काकांच्या बाजूची खिडकी बंद ठेवीन, असं लिहा आणि पोच घ्या. आणि ते पत्र द्यायच्या आधी एकदा काकांच्या घरी जाऊन या. तक्रार त्यांनी केली, पण श्वास त्यांचा अडकतो. 3 महिन्यांची तारीख त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या, नोटीस बोर्डावरून नको.

भाडेपट्ट्याचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठवा. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि त्या खसऱ्याचा चालू 7/12 सोबत जोडा, ‘इतर अधिकार’ रकाना कापला जाणार नाही असा.