नरमेध की वंशसंहार?

गुरुजी, खानापूरहून बेळगावला येताना शेजारच्याच्या कन्नड पेपरात तुम्ही ‘नरमेध’ वाचलंत, घरी मराठी पेपरात त्याच बातमीला ‘वंशसंहार’. मुलांना इंग्रजी ‘जेनोसाइड’साठी कुठला शब्द सांगायचा, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही एकाच तागडीत टाकू नका. नरमेध म्हणजे मुळात यज्ञ, माणसाचा बळी. कन्नडात तो आता कुठल्याही मोठ्या कत्तलीला चालतो. नेमकेपणा हवा तिथे ‘जनांग हत्ये’ म्हणतात. ‘होलोकॉस्ट’, म्हणजे नाझींनी केलेली ज्यूंची कत्तल, या शब्दाचीही तीच कथा. मूळ ग्रीक अर्थ, पूर्ण जाळून अर्पण केलेला बळी. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात अर्पण कसलं आणि कुणाला? म्हणून पुष्कळ ज्यू हिब्रूतला ‘शोआ’ म्हणजे अरिष्ट हा शब्द पसंत करतात.

आपले कत्तल, शिरकाण, हत्याकांड हे शब्द मारणं सांगतात. कुणाला का निवडलं, ते सांगत नाहीत. ही उणीव भरायला राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ साली ‘जेनोसाइड’ हा शब्द छापून आणला. १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मुख्य कसोटी हेतूची आहे: एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णाचा (म्हणजे ‘रेस’चा) वा धार्मिक गट, गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा. त्या हेतूने गटातले जन्म रोखणं, मुलं हिरावून दुसऱ्या गटाला देणं, हेही त्यात येतं. म्हणजे ‘नरसंहार’ अपुराच. भांडणात म्हाताऱ्या ‘निर्वंश होईल तुझा’ म्हणतात ना, तो अर्थ ‘वंशविच्छेदा’त बरोबर उतरतो. पेपरांनी मात्र वंशसंहार रुळवला, तोच सांगा.

वर्गात आधी जनमेजयाचं सर्पसत्र सांगा. परीक्षिताला डसला एकटा तक्षक, आणि यज्ञात ओढली जात होती सापांची अख्खी जात.

एक खोट मला ‘वंशसंहार’ या शब्दात सलते. ‘वंश’ म्हटलं की भेद रक्तातलाच वाटतो. आफ्रिकेतल्या रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन गट एकच भाषा बोलत. १९३०च्या दशकात तिथल्या बेल्जियन वसाहती सरकारने ओळखपत्रावर गट छापला आणि सैलसर भेद पक्का झाला. १९९४ साली रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत चिथावणी चालली होती. सुमारे शंभर दिवसांत आठेक लाख माणसं मेली. रस्त्यावरच्या नाक्यांवर हुतू मारेकरी आधी ते ओळखपत्रच मागत.