दहा वर्षांच्या मुलीला प्रोग्रामिंग शिकवायला झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर घ्यावा का, की ते नुसतं आठवणींचं खेळणं ठरेल?

घ्या. आणि खेळणं म्हणू नका त्याला.

आतेभावाने इंग्लंडहून आणलेला ४८ के मेमरीचा, रबरी बटणांचा स्पेक्ट्रम आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरात होता. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीने तो १९८२ साली काढला. प्रोग्राम चढवायचा तो साध्या टेपरेकॉर्डरवरून. आवाज जरा कमीजास्त झाला की मिनिटामिनिटांची वाट पाहून शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. म्हणून व्हॉल्यूमच्या चकतीवर ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. कॅसेट दुसऱ्याच्या टेपवर भरलेली असली तर टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू बारीक फिरवायचा आणि कॅसेटमधल्या प्रोग्रामची किंकाळी कुठे सगळ्यात धारदार लागते ते कानाने पकडायचं. टीव्हीच्या कडेचे लाल-आकाशी जाड पट्टे जाऊन निळे-पिवळे बारीक पट्टे धावायला लागले की जीव भांड्यात पडायचा.

मे महिन्यात घरात भांडणं व्हायची. कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज दबायचं, स्पेक्ट्रम रिसेट, टाइप केलेलं सगळं साफ. मग मी भर दुपारी कूलर बंद करायला सांगायचो. काका इतवारीतल्या दुकानातून जेवायला आलेले असायचे. "काहून रे, तुझ्या खेळण्यापायी आम्ही उकडून मरायचं?" त्या 'खेळण्यात' त्यांच्याच घरातल्या भिशीचा हिशेब होता. हप्ता कोणाचा आला, उचल कोणी केली, बाकी किती, सगळं मी बेसिक या त्याच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत बसवलं होतं आणि काकूंच्या वहीशी ते पैशापैशाने जुळायचं. काकू दर महिन्याला टीव्हीसमोर वही घेऊन बसायच्या. जन्मभर खतावणी लिहिणाऱ्या काकांनी एकदाही वाकून पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पोक म्हणजे मेमरीतल्या एका जागी आकडा ठेवायची आज्ञा. तुमच्या मुलीला 'पोक १६३८४,२५५' टाइप करायला सांगा. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटी आडवी रेघ उमटेल, कारण २५५ म्हणजे आठही बिट, म्हणजे आठही ठिपके, चालू. १७० दिले तर एक सोडून एक ठिपका. 'पोक २३६०९,१००' केलं की बटणांची टिकटिक लांबते. मेमरीतला आकडा बदलला की समोर काहीतरी बदलतं, हे इतकं उघड आजचा कुठलाही लॅपटॉप दाखवत नाही. रंगीत ठोकळे सरकवायला शिकवणारे क्लासवाले पालकांना फसवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि घरातला कुणी मोठा 'याने पोट भरणार आहे का' म्हणाला, तर मुलीच्या वतीने तुम्ही भांडा. आमच्याकडे माझ्या बाजूने कोणी बोललं नाही.

हां, पैसे देण्याआधी थोडं बघून घ्या. फ्यूज नावाचा एमुलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. वर सांगितलेले पोक त्यावरही चालतात, मुलगी रमते का ते आधी कळेल. खरं यंत्र विकणाऱ्याच्या घरी टीव्हीला जोडून, प्रत्येक बटण दाबून बघा. आतली कीबोर्डची पट्टी वाळून तडकते. कपॅसिटर बदलावे लागतील असं धरून चाला. आणि अडॅप्टर ९ व्होल्टचा असला तरी त्याची मधली पिन निगेटिव्ह असते. बाजारातला कुठलाही ९ व्होल्टचा खुपसलात तर यंत्र जळू शकतं.