बाबांच्या पायाकडे आता घराने बघायचं

प्रिय,

"दुखत नाही ना, मग कशाला एवढं?" असं बाबा पायाच्या जखमेबद्दल म्हणतात, हे तुझ्या पत्रात वाचून मला जखमेपेक्षा त्या वाक्याची जास्त काळजी वाटली. मधुमेहात बरीच वर्षं रक्तातली साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, चप्पल चावली, तरी कळत नाही. बाबा निष्काळजी नाहीत रे, पाय त्यांना काही सांगेनासाच झालाय. म्हणून रोज चांगल्या उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही बघायच्या. लाली, सूज, पू, वास, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बोट काळं पडलं, लाली पसरत चालली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या पायाचं काय, हे तू विचारलं नाहीस. एक सोपी तपासणी आहे, इप्सविच टच टेस्ट. बाबांना डोळे मिटायला सांग. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने सेकंदभर हलकाच स्पर्श कर. दाबायचं नाही. 6 पैकी 2 किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं समज आणि डॉक्टरांना सांग.

ड्रेसिंग बहुतेक घरांत मन लावून होतं. चुकतं ते पायावरच्या भाराचं. जखमेवर पडणारं प्रत्येक पाऊल नुकतंच भरू लागलेलं मांस चिरडतं. डॉक्टरांनी दिलेला खास बूट घरातही घालायचा, रात्री बाथरूमला जातानासुद्धा. दिवसभरात बाबा कशाकशासाठी उठतात ते एकदा नीट बघ. पाणी, फोन, औषधं हाताशी ठेवा, दार दुसऱ्याने उघडा. माझ्या मते घरच्यांच्या हातात याहून मोठा उपचार नाही.

साखरेवरून रोज बोलणी नकोत. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या 2-3 महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, एका दिवसाच्या आकड्यावरून भांडण कशाला? शिवाय जंतुसंसर्गानेही साखर चढते. ती अचानक वाढली तर "काय खाल्लंत?" विचारण्याआधी पाय बघा. सारखी बोलणी खाणारा माणूस जखम लपवू लागतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. त्यांच्यासाठी वेगळं रांधू नका, सगळेच तसं जेवा. आणि हे सगळं एकट्या आईवर टाकू नकोस.

घट्टे घरी ब्लेडने कापायचे नाहीत, गरम पाण्याची पिशवी पायाशी नको, बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा.

जखम भरली तरी रोजचं बघणं थांबवू नका. भरलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते. पुढच्या तपासणीला तू स्वतः सोबत जा. पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का आणि किती चालायला परवानगी आहे, हे दोन प्रश्न विचार. उत्तरं लिहून आण, मग आपण बोलू.