अब्बांची शुगर आणि रमजानचे रोजे

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. रमजानच्या पंधरवडाभर आधीची शब-ए-बरात झाली की माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला येतो. विचारणारा कधी मुलगा असतो, कधी सून, कधी दुबईहून फोनवर बोलणारी लेक. "अब्बांना डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे, तरी रोजे धरणारच म्हणतात. तुम्ही जरा समजवा ना."

समजावण्याजोगं त्यात फार थोडं असतं, कारण अब्बांना सगळं माहीत असतं. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सूट आहे, हे खुद्द कुराणात आहे, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत. बरं वाटल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे, ती कजा. बरं होण्यासारखं दुखणंच नसेल, तर सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं, तो फिदिया. हे कुणालाही नव्याने सांगावं लागत नाही. तरी २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांवर मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली, तेव्हा टाइप २ वाले शंभरातले जवळजवळ ७९ जण निदान १५ दिवस रोजे धरतात असं दिसलं. दवाखान्यात न्यावं लागेल इतकी शुगर उतरण्याचं प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये साडेसात पट झालं होतं. सूट ठाऊक असून माणसं ती घेत नाहीत. का घेत नाहीत, हे घरागणिक वेगळं असतं, आणि माझं काम तिथे सुरू होतं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं एक कुटुंब सांगते. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. चाचा पासष्टीचे, २२ वर्षं कुवेतला नोकरी करून गावी परतलेले. घरात चाची, मुलगा, सून, दोन नातवंडं. २०२५ चा रमजान २ मार्चला सुरू होणार होता आणि ही मंडळी फेब्रुवारीच्या मध्याला आली. खरं तर अशा रुग्णाने सहा-आठ आठवडे आधी डॉक्टर गाठायला हवा.

मुलाने आल्या आल्या तक्रारीचा पाढा वाचला. आदल्या वर्षी इन्सुलिन घेऊनही अब्बांनी रोजे धरले. एका संध्याकाळी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर पडवीत बसले ते घामाने भिजलेले, हात थरथरताहेत, विचारलं तर उत्तर धड नाही. सुनेने शुगर मोजायचं मशीन लावलं, आकडा ५४, फारच खाली. तिने साखरेचं सरबत केलं, हनुवटी धरून पाजायला लागली. चाचांनी हात झटकला, निम्मं सरबत अंगावर सांडलं, निम्मं पोटात गेलं. तेव्हापासून सासरे सुनेशी कामापुरतंच बोलतात.

"मगरीबला पंधरा मिनिटं राहिली होती हो मॅडम," चाचा मला म्हणाले. मगरीब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, रोजा तेव्हा सुटतो. बोलण्यात राग नव्हता. चोरी झालेला माणूस बोलतो तसं बोलत होते.

मी मुस्लिम नाही, त्यामुळे मसला, म्हणजे धर्माचा नियम, सांगणं माझं काम नव्हे. आणि जो मुलगा स्वतः जुम्म्यापुरता, शुक्रवारीच मशिदीत जातो, त्याने बापाला "इस्लाममध्येच सूट आहे ना" असं सुनावलं की बाप आणखी ताठ होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. मुलाला तसं स्पष्ट सांगून बाहेर बसवलं.

चाचांना विचारलं, रमजानचा तुमचा दिवस सांगा, पहाटेपासून. माणूस खुलला. चारला उठतात. पडवीतला दिवा लावतात, नातवंडांच्या दारावर बोटातल्या अंगठीने टकटक करतात. ती टकटक फक्त रमजानमध्ये. सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाला, तांदळाची भाकरी, कालवण, शेवटी चहा. मार्चमध्ये साडेपाचच्या आत सगळं आवरायचं. फजर, म्हणजे पहाटेची नमाज, पढून आले की कुराणाचा एक पारा (तिसावा भाग) वाचायचा, म्हणजे तीस दिवसांत तीस पारे. दुपारची जोहरची नमाज, मग थोडी झोप, मग असर. इफ्तारला दस्तरखानावर खजुराची ताटली त्यांच्या हातात, अजान झाली की तेच सगळ्यांना वाटणार. मगरीब, जेवण, रात्रीची इशाची नमाज, आणि तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, वीस रकात (आवर्तनं). कुवेतच्या वर्षांबद्दल एवढंच म्हणाले, "तिथे खोलीत सात पुरुष. खजूर मिळायचे, पण घर नव्हतं."

पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं. यंदा नातू पहिला रोजा धरणार होता. "पोरगं नऊ वर्षांचं. ते उपाशी राहणार आणि दादा समोर बसून भाकरी खाणार?"

तर गोष्ट ही होती. रोजा नाही म्हणजे टकटक नाही, खजुराची ताटली नाही, आणि नातवाच्या पहिल्या रोज्याला आपण बाजूच्या खुर्चीवर बसलेले म्हातारे. मुलगा शुगरबद्दल बोलत होता आणि बाप घरातल्या आपल्या जागेबद्दल. वर्षभर दोघं एकमेकांना हट्टी म्हणत होते.

पुढच्या भेटीला मी नवरा-बायकोला एकत्र बसवलं. चाची आधी गप्प होत्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही बायका रमजानात पाळीचे सहा-सात दिवस रोजा धरत नाही. त्या दिवसांत नमाज पण नाही. मग आम्ही काय घरातून उठून जातो? तुमची सहरी तेव्हा कोण करतं? आणि आम्ही जेवतो कुठे, ते कधी विचारलंत? चुलीमागे, उभ्याने." चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी काहीही बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती. रमजानात रोजा नसताना घरात कसं असायचं, हे त्या घरातल्या बायकांना चाळीस वर्षं येत होतं.

डॉक्टरांकडे मी चाचांना एकट्यालाच जायला सांगितलं, मुलाबरोबर नको. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं: इन्सुलिन, वय आणि आधी एकदा ५४ पर्यंत गेलेली शुगर. गावातल्या इमामसाहेबांना चाचा स्वतः भेटले. ते म्हणाले, जाणकार डॉक्टर नाही म्हणतोय तर रोजा धरू नका, फिदिया द्या. फिदियाचा हिशेब मग चाचांनीच हातात घेतला. घरच्या जकातीची, म्हणजे धर्माने ठरवून दिलेल्या दानाची यादी दरवर्षी तेच करतात. तिच्या खाली नवं पान जोडलं आणि तांदूळ स्वतः घरोघर पोचवले.

टकटक चालू राहिली. तीस पारे चालू राहिले. तरावीहपैकी आठ रकात मशिदीत, उरलेल्या घरी खुर्चीवर बसून; खुर्चीचं मन वळवायला डॉक्टरांपेक्षा गुडघ्याची मदत जास्त झाली. नाश्ता मात्र स्वयंपाकघरात, पाटावर, चाचींसमोर, लपूनछपून नाही. दुपारचं जेवण आणि चारचा खाऊ डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी. तिथून अजानपर्यंत ते थांबायचे आणि घरच्यांबरोबर खजूर तोंडात टाकायचे. "याला रोजा म्हणत नाहीत," हे तेच सगळ्यांना सांगायचे. नातवाच्या पहिल्या रोज्याला फुलांचा हार दादांनी घातला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. रमजानच्या सत्ताविसाव्याला, ज्याला फार मोल देतात, त्यांनी कुणाला न सांगता रोजा धरला. चाचींना अर्थात माहीत होतं. दिवसभरात तीनदा मशीनवर बोट टोचून घेतलं. सुनेने मला रात्री फोन केला, चिडलेली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. दिवस निभावला ते नशीब. मी चाचांना तसं बोलून दाखवलं आणि डॉक्टरांना कळवा म्हटलं. त्यांनी कळवलं, बोलणीही खाल्ली.

ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांनी दोन आकडे फ्रिजवर लिहून ठेवावेत: शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, की रोजा तिथेच थांबवायचा, मग अजानला पाच मिनिटं का राहिली असेनात. बोट टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. खात्री हवी तर आपल्या इमामांना विचारा. आणि गोळ्यांच्या, इन्सुलिनच्या वेळा आपल्या मनाने सहरी-इफ्तारला ढकलू नका. हे फार घरांत होतं.

सुनेचं काय झालं, असं मला विचारतात. सासऱ्यांनी तिची माफी वगैरे मागितली नाही, मागणारही नाहीत. ईदनंतर ते तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि मशीन कसं वापरायचं, शुगर उतरली तर काय द्यायचं, हे डॉक्टरांकडून तिला नीट समजावून घेतलं. पुढचा रमजान १०-११ दिवस अलीकडे, फेब्रुवारीत येणार होता. डॉक्टरांची जानेवारीतली वेळ तिनेच घेतली, आणि चाचांनी ती मोडली नाही.