बटण दाबण्याआधीचं शिक्षण

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. रेडिओग्राफी, मेडिकल इमेजिंग, रेडिओलॉजी टेक्नॉलॉजी अशी एक्स-रे, सीटी, एमआरआय काढायला शिकवणाऱ्या एकाच शिक्षणाची नावं कॉलेजागणिक बदलतात, त्यामुळे मुलं आणि पालक दोघंही चक्रावतात. मी सव्वीस वर्षं एक्स-रेच्या खोल्यांत काढली. त्यातली सुरुवातीची डार्करूममध्ये गेली. घरी जेवायला बसलं तरी बोटांना फिल्म धुण्याच्या फिक्सरचा वास यायचा. आता शिकवते. या वेळी निवडलेले काही प्रश्न.

प्रश्न : मुलीला पीसीबीत ६१ टक्के आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीला, म्हणजे पॅरामेडिकलच्या पदवीला, रेडिओग्राफी घ्यायची म्हणते. घरातले म्हणतात, किरणांनी मूलबाळ होत नाही, पुढे लग्नाला अडचण येईल. खरं काय? (एक वडील, अंबाजोगाई)

उत्तर : लग्नाचं तुम्ही बघा, किरणांचं मी सांगते. एक्स-रे मशिन बंद झालं की त्या क्षणी किरणही संपतात. ते भिंतींत मुरत नाहीत, कपड्यांना चिकटून घरी येत नाहीत. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच.

आमच्यापर्यंत जे पोचतं ते मुख्यतः रुग्णाच्या अंगावर आपटून इकडेतिकडे उडालेले किरण. रुग्णापासून एक मीटरवर, बाजूला, ते मूळ झोताच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतके उरतात. दोन मीटरवर गेलात की त्याचेही चौथाई. त्यात मध्ये शिशाची भिंत किंवा अंगावर शिशाचा एप्रन. वंध्यत्व यायला लागणारा डोस थेट जननग्रंथींवर आणि कायद्याच्या मर्यादेच्या कित्येक पट पडावा लागतो.

ती मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने घालून दिली आहे. किरणांत काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणांचा डोस मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. काहीही न करता नुसतं पृथ्वीवर राहिल्याबद्दल जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. शिस्तीच्या विभागातल्या तंत्रज्ञाचा डोस २० च्या आसपासही फिरकत नाही.

हे मोजायला छातीवर टीएलडी बॅज लावतात. एप्रनच्या आत, बाहेर नाही. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. एका रुग्णालयात माझ्या विद्यार्थ्याचा आकडा एकदम उसळला, चौकशी लागली, पोराच्या तोंडचं पाणी पळालं. निघालं काय, तर बॅज एप्रनला अडकवून एप्रन एक्स-रे खोलीतच टांगायची त्याची सवय. डोस एप्रनने खाल्ला होता, त्याने नाही.

आणि मूलबाळ म्हणाल, तर माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी मी कामावर होते. दिवस राहिल्याचं कळवलं की उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू नये, असा नियम आहे. मला सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना वापरायच्या एक्स-रे मशिनच्या ड्युटीवरून काढून काचेआडच्या सीटी कन्सोलवर बसवलं होतं. दोघंही धडधाकट आहेत, फक्त अभ्यास करत नाहीत. त्याला किरण जबाबदार नाहीत.

प्रश्न : जवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाचा एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स आहे, शंभर टक्के नोकरीची हमी देतात. पदवीला तीन वर्षं आणि वर इंटर्नशिपचं वर्ष. एवढी वर्षं का घालवावी? (बारावी पास विद्यार्थी, जालना)

उत्तर : हमी देणाऱ्याला विचार, हमी कोण पाळणार? नोकरी रुग्णालय देतं, इन्स्टिट्यूट नाही.

२०२१ मध्ये केंद्राने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आपलं क्षेत्रही आलं. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला त्यात पदवी किंवा पदविका धरली आहे, पण किमान २,००० तासांची, २ ते ४ वर्षांत पसरलेली. एक वर्षाचा कागद त्या मापात बसत नाही. दोन वर्षांची चांगली पदविका असेल तर तिला मी नावं ठेवणार नाही. घरची परिस्थिती बघून अनेकांनी तीच वाट धरली आणि उत्तम काम करतात. पण पुढे एमएस्सी, परदेश, शिकवणं यातलं काही डोक्यात असेल तर पदवीच घे.

कॉलेज बघायला गेलास की इमारत बघू नकोस. सरळ रेडिओलॉजी विभागाच्या बाहेर बाकड्यावर तासभर बस आणि किती स्ट्रेचर आत जातात ते मोज. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे की 'टाय-अप' आहे? सीटी-एमआरआय विद्यार्थ्यांच्या हाती लागतं की काचेतून दाखवतात? तिसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाज आणि विचार, स्वतःच्या हाताने किती एक्स-रे काढले. मान खाली घालून हसले, तर फी भरू नकोस. शेवटी पदवी कुठल्या विद्यापीठाची आणि आपल्या व्यवसायाच्या राज्य परिषदेकडे नोंदणी होते का, हे लेखी बघ.

प्रश्न : दुसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटॉमी जमते, पण रेडिएशन फिजिक्सने छळलंय. केव्ही, एमएएस हे एक्स-रे मशिनवर लावायचे आकडे नुसते पाठ करते आणि तोंडी परीक्षेत अडकते. (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : पाठ करतेस म्हणूनच अडकतेस. पावसाची सर डोळ्यांसमोर आण, थेंब म्हणजे किरण. थेंब किती पडले ते एमएएस. थेंब किती जोराने आले, छत्री भेदून आत शिरले का, ते केव्ही. जाड माणसाच्या पोटाचा एक्स-रे काढायचा तर नुसते थेंब वाढवून भागत नाही, जोरही लागतो. जोर फार वाढवला तर सगळंच आरपार जातं आणि हाड-मांसातला फरक पुसट होतो. एवढं कळलं की तक्ते आपोआप लक्षात राहतात.

आणि फिजिक्स वहीत शोधू नकोस, छातीच्या एक्स-रेत शोध. रोज निघतो म्हणून पोरं त्याला किरकोळ समजतात. रुग्णाची छाती स्टँडला आणि पाठ किरण सोडणाऱ्या ट्यूबकडे का? हृदय पुढच्या बाजूला असतं. ते स्टँडमधल्या, किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या जवळ राहिलं की सावली फुगत नाही. ट्यूब सहा फुटांवर का? त्याच कारणासाठी. झोपलेल्या रुग्णाचा पोर्टेबल एक्स-रे जवळून, समोरून काढला की भलंचंगं हृदयही मोठं दिसतं. हात कमरेवर ठेवून खांदे पुढे कशाला? फऱ्याची हाडं फुप्फुसांवरून बाजूला सरकावीत म्हणून.

मग श्वास. 'दीर्घ श्वास घ्या, रोखा' असं म्हटलं की खेड्यातली आजी नुसतं तोंड घट्ट मिटते. तिला मी म्हणते, 'आजी, विहिरीत बुडी मारायच्या आधी भरून घेता तसा दम भरा.' तेव्हा कुठे छाती वर येते. फोटो आला की मागच्या बरगड्या मोज. छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाच्या वर नऊ-दहा दिसल्या तर श्वास पुरेसा. गळ्याच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का बघ. नसतील तर रुग्ण वळलाय. असे पन्नास एक्स-रे मोजून बघ, मग तोंडी परीक्षेत परीक्षकच तुझ्याशी गप्पा मारायला लागेल.

प्रश्न : पदवीनंतर गावात स्वतः सोनोग्राफी करता येईल का? (विद्यार्थी, धाराशिव)

उत्तर : नाही. आपल्याकडे सोनोग्राफी कायद्याने पात्र ठरलेल्या डॉक्टरनेच करायची. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याने केंद्र, मशिन, डॉक्टर सगळ्याची नोंद लागते. गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीला 'एफ' फॉर्म भरावा लागतो. या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ मध्येच कायदा केला होता. इंग्लंड-अमेरिकेत सोनोग्राफर हा वेगळा व्यवसाय आहे, त्यांचे व्हिडिओ बघून इथे प्रोब हातात घेऊ नकोस. 'साहेब बाहेर गेलेत, तेवढं बघून घे' असं कुणी म्हणालं तरी नाही. एक्स-रेचा रिपोर्ट लिहिणंही रेडिओलॉजिस्टचं काम. फ्रॅक्चर ढळढळीत दिसत असेल तर धावत जाऊन डॉक्टरांना दाखव, नातेवाइकांना कॉरिडॉरमध्ये निकाल सांगू नकोस.

प्रश्न : एआय आल्यावर आमच्या नोकऱ्या राहतील? (अनेक जण)

उत्तर : रात्री दोनला अपघाताचा रुग्ण येतो, मानेला कॉलर, दारूच्या नशेत लाथा झाडतोय, बरोबर आठ नातेवाईक. त्याला न हलवता मानेचा बाजूचा एक्स-रे सातव्या मणक्यापर्यंत मिळवून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं की मला कळवा, मीही निवृत्त होते.

प्रश्न : येत्या सोमवारपासून इंटर्नशिप. बरोबर काय ठेवू? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : बॅज तर हवाच. शिवाय स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचे शिशाचे डावा-उजवा मार्कर करून घे. हल्ली कॉम्प्युटरवर नंतर डावं-उजवं टाकता येतं, आणि घोळ तिथेच होतो. मी एकदा गर्दीत गुडघ्याला उलटी खूण टाकली होती. शस्त्रक्रियेच्या आधी सिस्टरने रुग्णाला 'कुठला पाय दुखतो?' असं विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून रुग्णाच्याच तोंडून बाजू वदवून घेते आणि मार्कर एक्स्पोजरच्या आधी ठेवते.

एमआरआयच्या दारात मात्र ते मार्करसुद्धा काढून ठेव. केसांच्या पिना, पेन, कात्री, मोबाइल, सगळंच. मशिन वापरात नसलं तरी चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवानिशी गेला. दारात कुणी 'काही होत नाही, जा' म्हणालं, तरी तू आडवी उभी राहा. मग समोर वॉर्डबॉय असो की मोठे डॉक्टर.