वाचकांचे प्रश्न : गंजाची चाहूल आणि तिच्यामागची भागीदारी

जहाजे आणि पूल आतून किती गंजले आहेत, हे वेळेवर सांगणारी यंत्रणा कोणत्याही एका संस्थेला एकटीने उभारता येत नाही, असे विधान मी गेल्या अंकात केले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. आशय कायम ठेवून ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (रत्नागिरी) : संवेदक (सेन्सर) म्हणजे शेवटी एक लहानसे उपकरण. ते एखादी चांगली कंपनी बनवू शकेल. मग त्यासाठी विद्यापीठ, नौदल, कारखानदार आणि बंदर अशा चौघांनी एकत्र येण्याची गरज का असावी?

उपकरण बनवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. पोलादाची एक बारीक तार समुद्राच्या हवेत ठेवली, तर ती गंजून बारीक होत जाते आणि तिचा विद्युतरोध वाढत जातो. तो रोध मोजत राहिले की गंजण्याचा वेग कळतो. ही युक्ती प्रयोगशाळेत एका दुपारी करून दाखवता येते. खरी अडचण पुढे आहे. तारेने दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष जहाजाच्या पत्र्याची झीज यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्यासाठी खरे जहाज लागते, खरा समुद्र लागतो आणि अनेक वर्षे लागतात. विद्यापीठाकडे समज असते, पण जहाज नसते. नौदलाकडे जहाजे असतात, पण एकेका संवेदकाची चिकित्सा करीत बसण्याइतकी फुरसत नसते. एकसारखे हजार नग बनवून पुढे वीस वर्षे त्यांची दुरुस्ती करणे कारखानदारालाच जमते, प्राध्यापकाला नाही.

या भागीदारीचा जो जुना दाखला मला सर्वांत बोधप्रद वाटतो, तो दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारीत असत. लाकूड पोखरणारे किडे त्यामुळे दूर राहत, परंतु खाऱ्या पाण्यात तांबेच झिजून जाई. १८२३ मध्ये नौदलाच्या कारभाऱ्यांनी हा प्रश्न रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेपुढे ठेवला. सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष हम्फ्री डेव्ही यांनी तो स्वतः हाती घेतला आणि १८२४ च्या जानेवारीत उत्तर मांडले : तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा, म्हणजे झीज त्या तुकड्याची होईल आणि तांबे शाबूत राहील. त्याच वर्षी हा उपाय ‘समरंग’ या युद्धनौकेवर योजण्यात आला. (ही नौका आपल्याकडेच, कोचीनला बांधलेली होती.) तांबे खरोखरच वाचले. मात्र, अशी संरक्षित जहाजे सफरीहून परतू लागली, तेव्हा त्यांच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे जाड थर बसलेले आढळले. तांबे थोडे थोडे विरघळत असे, म्हणूनच सागरी जीव त्यापासून दूर राहत होते. ते विरघळणे थांबताच त्यांना रान मोकळे झाले आणि जहाजांचा वेग मंदावला. १८२५ मध्ये नौदलाने फिरत्या जहाजांवरचे ते तुकडे काढून टाकण्याचा आदेश दिला.

डेव्हींचे रसायनशास्त्र अचूक होते आणि तेच तत्त्व आज प्रत्येक पोलादी जहाजावर वापरले जाते. तरीही भांड्यातल्या समुद्रजलात जे दिसले नाही, ते जहाजाने एका सफरीत दाखवून दिले. डेव्हींच्या हुशारीइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे त्या जहाजांच्या तळाची तपासणी करून ‘तांबे चांगले आहे, पण तळ घाण आहे’ असे लिहून कळवणारा गोदीतला माणूस होय. भागीदारी म्हणतात ती हीच. ही दुसरी बाजू जेथे गप्प असते, तेथे संवेदक भिंतीवरची शोभा होऊन राहतो.

पुढे अशा दीर्घ परीक्षांसाठी समुद्रकिनारेच राखून ठेवले गेले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील क्यूर बीच येथे १९३५ मध्ये एका निकेल कंपनीने धातूंचे नमुने उघड्या हवेत मांडायला सुरुवात केली. किनाऱ्यापासून सुमारे २५ मीटरवर एक जागा आणि सुमारे २५० मीटरवर दुसरी. अंतर अवघे सव्वादोनशे मीटरचे, पण साधे पोलाद जवळच्या जागी कितीतरी वेगाने गंजते. आपल्याकडे तमिळनाडूतील कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेने मंडपम येथे समुद्रालगत असेच परीक्षण केंद्र चालवले आहे. ‘कोकणची हवा गंजवणारी आहे’ एवढे म्हणून भागत नाही, प्रत्येक पुलाच्या प्रत्येक बाजूला वेगळे मोजावे लागते, हे अशा केंद्रांनीच दाखवून दिले.

प्रश्न (उरण) : मी गोदीत उमेदीची वर्षे काढली. जहाज सुक्या गोदीत आले की तळाचे झिजलेले जस्ताचे ठोकळे काढून नवे बसवायचो. हल्ली विजेवर चालणारी व्यवस्था असते म्हणतात. ती नेमके काय मोजते?

आपण जे ठोकळे बदलत होता, ती डेव्हींचीच युक्ती. नव्या व्यवस्थेत धातूचा बळी देण्याऐवजी जहाजाच्या तळाला बसवलेल्या, सहसा न झिजणाऱ्या इलेक्ट्रोडांतून पाण्यात वीज सोडतात आणि पोलादाची विद्युतपातळी इतकी खाली आणतात की ते गंजू शकत नाही. ही पातळी ओळखण्यासाठी तळाला चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांचा एक संदर्भ इलेक्ट्रोड बसवलेला असतो. त्याच्या तुलनेत पोलाद उणे ०.८० व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली असले, तर ते सुरक्षित मानतात. आकडा वर सरकला की यंत्र वीज वाढवते, फार खाली गेला की कमी करते. वीज जास्त झाली तरीही नुकसानच आहे. रंगाला फोड येतात आणि उच्च शक्तीच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो.

हे इलेक्ट्रोड तळावर कोठे बसवावेत, हा प्रश्न मात्र सोपा नाही, कारण पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) आणि सुकाणूजवळ विजेची वाटणी असमान होते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने की वेस्ट येथे यासाठी एक सुंदर पद्धत वापरली. जहाजाची लहान प्रतिकृती करायची आणि ज्या प्रमाणात जहाज लहान केले, त्याच प्रमाणात समुद्राचे पाणीही विरळ करायचे, म्हणजे विजेचे वाटप खऱ्या जहाजाप्रमाणेच होते. आपल्या नौदलासाठी हे क्षेत्र सांभाळणारी प्रयोगशाळा अंबरनाथला आहे. संरक्षण संशोधन संघटनेची ही नौदल सामग्री प्रयोगशाळा १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीतील रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. म्हणजे तिचा जन्मच तुमच्यासारख्या कामगारांच्या शेजारी झाला आणि माझ्या मते तिचे बळ त्यातच आहे. जहाजांसाठी विद्युत्-संरक्षणाची व्यवस्था तिने विकसित केली आहे.

एक मर्यादा येथेच सांगतो. ही वीज पाण्यातूनच पोचते, त्यामुळे जहाजाच्या पोटातील बॅलास्ट टाकी (तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरायची टाकी) अर्धी रिकामी असली, की पाण्यावरच्या ओलसर पत्र्याला तिचा काहीच आधार मिळत नाही. तेलवाहू ‘एरिका’ १२ डिसेंबर १९९९ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ तुटून बुडाली, त्यामागे तिच्या टाक्यांमधील गंजाचा मोठा वाटा होता. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट टाक्यांच्या रंगासाठी जे मानक स्वीकारले, त्यात रंग १५ वर्षे चांगला राहावा असे उद्दिष्ट ठेवले आहे. टाकीच्या त्या अंधाऱ्या वरच्या भागात आजही माणसालाच विजेरी घेऊन उतरावे लागते. संशोधकांनी आपला वेळ सर्वांत आधी तेथे द्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न (पणजी) : ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. आजचे संवेदक त्या वेळी असते, तर तो वाचला असता का?

या प्रश्नाचे उत्तर मी काळजीपूर्वक देतो, कारण त्यात खोटा दिलासा देणे सोपे आहे.

मांडवीचा तो पूल उणीपुरी सोळा वर्षेच उभा होता. पूर्वताणित काँक्रीटच्या पुलात पोलादी तारांचे जुडगे ताणून बसवलेले असतात आणि त्या ताणावरच गाळ्याचा भार पेललेला असतो. या तारा गंजल्यामुळे पूल गेला. साध्या काँक्रीटमधली सळई गंजली, की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असल्यामुळे काँक्रीटला भेग पडते, पापुद्रे सुटतात, डाग दिसतात. ती आधी ओरडून सांगते. नळीत बंद असलेली ताणलेली तार मात्र बाहेर कोणतीही खूण न दाखवता तुटू शकते. काँक्रीटच्या पृष्ठभागावरून सळईची विद्युतपातळी मोजणारी हाफ-सेल चाचणी धातूच्या नळीच्या आत पोचत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की नेहमीच्या संवेदकांनी तो पूल वाचला असता असे म्हणता येत नाही.

असे प्रसंग जुन्या काळापुरते राहिलेले नाहीत. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे जर्मनीत ड्रेस्डेनचा कारोला पूल एल्ब नदीत कोसळला. सुदैवाने त्या क्षणी त्यावर कोणी नव्हते. बांधकामाच्या काळातच ओलाव्यामुळे तारांमध्ये हायड्रोजनजन्य तडे पडायला सुरुवात झाली होती, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले. पूल १९७१ चा, म्हणजे हा आजार पन्नास वर्षे आत दडून राहिला होता. कोसळल्यानंतर उरलेल्या भागांवर ध्वनिसंवेदक लावण्यात आले. ताणलेली तार तुटते, तेव्हा काँक्रीटमधून एक विशिष्ट तरंग जातो. तो ऐकून कोठे आणि किती तारा तुटत आहेत, हे मोजता येते. अशा पुलांना जर काही उपयोगी पडेल, तर ते हे ‘कान’. मात्र वाहनांच्या गडगडाटातून तारेचा आवाज ओळखायला आधी शेकडो तारा मुद्दाम तोडून त्यांचा आवाज नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी मालकाने आपला जुना, पाडायला काढलेला पूल संशोधकांच्या हाती द्यावा लागतो. पुलांच्या मालकांनी हे औदार्य दाखवलेच पाहिजे, कारण या प्रयोगाला दुसरा मार्ग नाही.

सळयांसाठी परिस्थिती बरीच आशादायक आहे. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी काँक्रीटमध्ये पुरायची एक ‘शिडी’ तयार केली. पृष्ठभागापासून सळईपर्यंत वेगवेगळ्या खोलीवर पोलादाचे लहान तुकडे बसवायचे. समुद्राचे मीठ आत झिरपत एकेका पायरीवर पोचले, की त्या तुकड्यातून वीज वाहू लागते. पहिली पायरी कधी गेली आणि दुसरी कधी, यावरून मीठ सळईला कधी गाठेल याचा अंदाज काही वर्षे आधी येतो. डेन्मार्कमधील ग्रेट बेल्ट या सामुद्रधुनीवरील पूल-बोगद्याच्या बांधकामात ही शिडी काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवण्यात आली. विद्यापीठ, बांधणारे आणि मालक तिघेही पहिल्या दिवसापासून सोबत असल्यामुळेच हे होऊ शकले. काँक्रीट कठीण झाल्यावर अशी शिडी घालणे अवघड असते.

आपल्याकडचा जवळचा दाखला पांबनचा. रामेश्वरमला जोडणारा तो रेल्वेपूल १९१४ मध्ये सुरू झाला. १९६४ च्या वादळात त्याची वाताहत झाली, तेव्हा पुढे कोकण रेल्वे बांधणाऱ्या ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो दीड महिन्याच्या आसपास पुन्हा उभा राहिला. शतकभर खारे वारे सोसलेल्या या पोलादी पुलावर मद्रास आयआयटी आणि रेल्वे यांनी मिळून संवेदक बसवले. ते गंज मोजत नव्हते. गंजाने दुबळा झालेला पूल गाडीच्या भाराखाली किती ताणतो आणि कसा हलतो, हे मोजत होते. डिसेंबर २०२२ मध्ये धोक्याचे इशारे आल्यावर गाड्या बंद करण्यात आल्या आणि त्या पुलावर पुन्हा कधी धावल्या नाहीत. नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला. मला येथे उपकरणांपेक्षा निर्णयाचे मोल अधिक वाटते. इशारा आला आणि वाहतूक थांबवण्याचा अधिकार असलेल्या माणसाने तो मानला. भागीदारीच्या करारात ‘आकडा अमुक झाला तर अमुक अधिकारी वाहतूक बंद करील’ असे स्पष्ट वाक्य असावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न (ठाणे) : आमच्या खाडीलगतच्या सोसायटीला एक विक्रेता ‘स्मार्ट’ गंज-संवेदक बसवण्याचा आग्रह करीत आहे. घ्यावेत का?

आज तरी घेऊ नका. आधी मान्यताप्राप्त अभियंत्याकडून संरचना तपासणी करून घ्या. त्यात हाफ-सेल चाचणी, सळईवरील काँक्रीटची जाडी आणि काँक्रीटमध्ये झिरपलेल्या क्लोराइडचे (मिठातील घटकाचे) प्रमाण या तीन गोष्टी मागा. तांबे व कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने केलेल्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या खालचे आकडे आले, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. मोजून झाल्यावर गळती थांबवणे आणि दुरुस्ती करणे यावर पैसे खर्च करा. जुन्या इमारतीत नेमका प्रश्न आधीच ठाऊक नसेल, तर संवेदक कोठे लावायचा हेच विक्रेत्याला सांगता येणार नाही.

प्रश्न (सांगली) : मी अकरावीत आहे. या क्षेत्रात जायचे तर काय शिकावे?

रसायनशास्त्रातील विद्युत्-रसायन हा भाग मनापासून शिका. पुढे धातुशास्त्र, स्थापत्य किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी कोणतीही शाखा चालेल, कारण या कामात तिन्हींची माणसे लागतात. मुंबईच्या आयआयटीत धातू व सामग्री विभागात गंजाच्या शास्त्राचे शिक्षण आणि संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे. तोवर घरी एक प्रयोग करा. काचेच्या तीन पेल्यांत सारखेच मिठाचे पाणी घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात जस्ताचा मुलामा असलेली जी.आय. तार घट्ट गुंडाळलेला खिळा आणि तिसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला खिळा ठेवा. रोज ठरलेल्या वेळी पाहून पाण्याचा रंग, गंज कोठून सुरू झाला आणि कोणता खिळा सर्वांत उशिरा गंजला, हे वहीत लिहा. दहा दिवसांनी ती नोंद या सदराकडे पाठवा.